पुढचं डावं, चोवीस

आमच्या घरात रविवार हवेने सुरू व्हायचा. आठवड्याचे सहा दिवस वालचंदनगरच्या वसाहतीत कारखान्याच्या भोंग्यावर चालायचे. भोंगा झाला की गॅसवर चहा, भोंगा झाला की बाबांची सायकल बाहेर, भोंगा झाला की आई पोळ्यांना बसणार. रविवारी मात्र मळीचा आंबूस वास तेवढा नेहमीसारखा यायचा आणि मागच्या अंगणातून माझ्या पायपंपाचा फस्-फस् आवाज. आमचं क्वार्टर रांगेतलं शेवटचं, म्हणून कडेला एक गाडी उभी राहील एवढी जागा आम्हाला मिळालेली होती. गाडी जुनी, पांढरी, बाबा आणि माझे थोरले काका यांनी मिळून घेतलेली. काकांना सगळे तात्या म्हणायचे, बाबासुद्धा. तात्या वडगाव निंबाळकरला ऊस आणि चार म्हशी सांभाळायचे. गाडी राहायची आमच्याकडे, पण चालवायचे बहुतेक वेळा तेच.

बाबा कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेले लोखंडी भाग मापात आहेत की नाहीत हे पाहायचं आणि नसतील तर परत पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. तीस वर्षं ते तेच करत आले, आणि घरीसुद्धा त्यांना दुसरं काही करता येत नसे. आईने "भाजीत मीठ जास्त पडलंय का?" म्हटलं तर ते विचारायचे, "किती जास्त?" मागच्या भिंतीवर त्यांनी हातभर रुंदीचा काळा रंग दिला होता. त्यावर वर कोपऱ्यात तारीख आणि खाली चार चाकांतल्या हवेचे चार आकडे. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. पुढची दोन चोवीस पौंड, मागची दोन सव्वीस. गेज लावायचा, आकडा वाचायचा, कमी असेल तर पंप मारून पुरा करायचा आणि मगच खडूने लिहायचा. हे काम त्यांनी मला दिलं, कारण माझे आकडे चुकत नाहीत असं त्यांचं मत होतं. शाळेत गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे मागितले आणि बाबांनी दोन गुणांचं गणित मागितलं. मला ते कामही आवडायचं आणि तो विश्वासही. त्या वेळी मी सतरा वर्षांची होते.

पुढच्या डाव्या चाकाची एक खोड होती. त्याच्या ट्यूबमधून कुठून तरी हळूहळू हवा जायची, आठवड्याला साधारण दोन पौंड. म्हणजे रविवारी गेज बावीस दाखवणार, मी पंप मारणार, चोवीस करणार. एवढ्यासाठी ट्यूब बदलायची कुणालाच निकड वाटत नव्हती. बाबांची गाडी तपासायची एक पद्धत होती. वसाहतीबाहेरच्या सपाट रस्त्यावर ते गाडी बेताच्या वेगात आणायचे, स्टिअरिंगवरून दोन्ही हात दोन बोटं वर उचलायचे आणि म्हणायचे, "शालू, मोज." मी एकपासून दहापर्यंत मोजायची. दहापर्यंत गाडी सरळ गेली तर ठीक. त्याआधी डावीकडे किंवा उजवीकडे सरकली तर ती "ओढते". तात्यांना हा प्रकार मुळीच पटायचा नाही. "बैलाची येसण सोडून बघतंय का कुणी, कुठं जातोय ते?" असं ते म्हणायचे.

त्या शनिवारी तात्या आणि काकी एसटीने आमच्याकडे आले. काकीचं माहेर इंदापूर. तिच्या भाचीचं लग्न सोमवारी होतं, आणि हळदीला ती दोघं रविवारीच गाडीने पुढे जाणार होती. आई आणि मी सोमवारी पहाटेच्या एसटीने निघणार. काकीने रुखवताचे तीन डबे आणले होते, त्यात कळीचे लाडू, करंज्या आणि सगळ्यांत खाली जपून ठेवलेले चिरोटे. तात्या आदल्या रात्री उसाला पाणी द्यायला जागलेले होते, कारण वीज रात्रीचीच असायची. पण शनिवारी ते आमच्याकडे आठ तास गाढ झोपले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आठ तास. मी सकाळी उठले तेव्हा त्यांचं घोरणं चालू होतं आणि काकी म्हणत होती, "ह्यांच्या इंजिनाला भोंगा लागत न्हाय."

रविवारी सकाळी सातलाच शेजारची सुलभा मेंदी भिजवून घेऊन आली. तिला नऊला बारामतीला जायचं होतं, म्हणून आत्ताच काढायची तर काढ, नाही तर राहिलंच. मी विचार केला, हवा नंतर बघू. आठ वाजता दोन्ही तळवे ओल्या मेंदीने भरलेले होते आणि आतून बाबांचा आवाज आला की तात्या नऊला निघणार आहेत. पंपाचा दट्ट्या पायाने मारता येतो, पण नळी बसवायला आणि गेज धरायला हात लागतात. दोन तास तरी मेंदीला हात लावायचा नव्हता. मी मागच्या अंगणात गेले. मागच्या रविवारची तारीख कोपराने पुसली, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या टोकात खडूचा तुकडा धरला, आणि नवी तारीख घालून तेच चार आकडे तिथेच पुन्हा गिरवले. चोवीस, चोवीस, सव्वीस, सव्वीस. पहिल्या चोवीसच्या शेजारी मेंदीचा एक ठिपका पडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो पुसायला गेले असते तर पसरला असता. तसाच ठेवला आणि आत आले.

तात्या पेट्रोल भरून आणायला नाक्यापर्यंत गेले होते. परत आले ते दार उघडतानाच म्हणाले, "वसंता, गाडी डावीकडं ओढतीय रं."

"किती?" बाबांनी विचारलं.

"किती म्हंजी? ओढतीय. बोटभर का हातभर ते काय मोजलं न्हाय."

"हवा आजच बघितलीये. ही बघा, चोवीस, चोवीस."

"भितीवरचं दिसतंय मला. मी गाडीचं सांगतोय."

बाबांचा आवाज शाळेत शिकवल्यासारखा झाला. "तात्या, रस्त्याला उतार असतो. पाणी निघून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला खाली ठेवतात. आपण डाव्या बाजूनं चालवतो, म्हणून गाडी डावीकडं जाते. सगळ्यांचीच जाते."

काकी डबे घेऊन बाहेर येत होती. ती म्हणाली, "ओढणारच की. माझं माह्यार तिकडं हाय. गाडीला कळतंय, तुमालाच कळत न्हाय."

सगळे हसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हात पुढे धरून उभी होते. मीसुद्धा हसले. मग बाबांनी हाक मारली, "शालू, हवा बघितलीस ना गं?"

"हो, बाबा."

"झालं तर मग," तात्या म्हणाले. "वसंता, तुझ्यावर येकदा न्हाय ठेवणार मी इस्वास, पर पोरीवर ठेवतो." आणि ते निघाले.

मी त्या "हो, बाबा"कडे किती वेळा परत गेले असेन याचा हिशोब मला ठेवता आलेला नाही. दोन शब्द. ते बोलायला एक सेकंद लागला असेल. बाहेर जाऊन "नाही बघितली" म्हणायलाही एवढाच लागला असता. पंपाला पाच मिनिटं. बाबा रागावले असते, मेंदी खराब झाली असती, आणि त्यापलीकडे काही झालं नसतं.

इंदापूरच्या वाटेवर एक तुकडा कालव्याच्या भरावावरून जातो. तिथे गाडी डावीकडे उतरली, आठ-दहा फूट खाली घसरत गेली आणि बाभळीला धडकली. पाणी उजव्या अंगाला होतं, डाव्या अंगाला नाही, एवढंच दैव. निरोप दुपारी जेवणं झाल्यावर आला. तात्यांच्या कपाळाला खोक पडली होती. काकीचा डावा पाय खुब्यात मोडला होता. बाबा तिथे जाऊन बघून आले. चाक फाटलेलं होतं, पण आधी बसलं की आदळल्यावर, ते कुणाला सांगता येईना. काळ्या मुंग्या लाडवांवर चढल्या होत्या असं त्यांनी आईला सांगितलं, आणि ते सांगून झाल्यावर ते बराच वेळ पाय धूत बसले.

काकीला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी गेले. पायाला वजन बांधून तिला उताणी निजवलेलं. तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि तळव्याकडे बघितलं. रंग काळपट लाल, मनगटापर्यंत. "ब्येस चढलाय गं," ती म्हणाली. "सासू मायाळू मिळंल तुला." मी हात काढून घेतला नाही, कारण काढला असता तर का काढला हे सांगावं लागलं असतं. तो रंग जायला अठरा दिवस लागले. मी रोज साबणाने घासत होते.

काकी चार महिन्यांनी उभी राहिली. पाय सव्वा इंचाने आखूड झाला होता. त्यानंतर ती चालताना प्रत्येक पावलाला डावीकडे झुकायची. वडगावच्या ओट्यावर बसलेलं असताना आतून तिच्या चालण्याचा आवाज यायचा, एक जड पाऊल, एक हलकं, आणि मी जे काही बोलत असेन ते अर्ध्यावर राहायचं.

काय झालं म्हणून विचारायला लोक यायचे तेव्हा बाबा त्यांना मागच्या अंगणात नेत. फळा दाखवत. "हवा बरोबर होती. त्याच दिवशी बघितलेली. ब्रेक मी स्वतः बघितले होते. राहतो तो माणूस." रात्री उसाला पाणी, दिवसा गाडी, सकाळचं चढतं ऊन. लागला असेल डोळा. पोलिसांनी विचारलं तेव्हा तात्यांनीही हो म्हटलं होतं. फळा कुणी पुसला नाही. गाडीच राहिली नाही, तर नवे आकडे कशाला लिहायचे? त्यामुळे माझ्या अक्षरातले ते चार आकडे भिंतीवर तसेच राहिले. आमची कपडे वाळत घालायची तार त्या भिंतीपासूनच निघायची. रोज बादली घेऊन मी तिथे जायची. पावसाने खडू फिका झाला, तरी काळ्यावर त्याचा पांढुरका माग उरला होता, आणि मेंदीचा ठिपका खडूहून जास्त टिकला.

तात्यांना गावात नवं नाव पडलं. डुलकीराव. लग्नाकार्यात कुणी तरी म्हणायचंच, "तात्या, गाडीत बसा, पर डायव्हरला पान द्या बरं का, जागा राहू दे." तात्या हसायचे. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ट्रॅक्टरसुद्धा गडी चालवायचा आणि ते मागून बांधावरून चालत जायचे. आपण सांगावं असं मला वाटलं नाही असं नाही. अकरावीत वाटलं, बारावीत वाटलं, माझं लग्न ठरलं तेव्हा वाटलं. प्रत्येक वेळी बाबा आड आले. माझा आकडा हाच त्यांचा पुरावा होता. तो खोटा ठरला असता, तर स्वतःच्या भावाला आपण कशाच्या जोरावर गप्प केलं, हे त्यांना कळलं असतं.

आणि त्यांना ते कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्या अपघातानंतर गेज त्यांनी आपल्या कपाटात ठेवला. पुढे दुसरी गाडी आली तेव्हा हवा तेच बघायचे. मला पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि का नाही हे मी विचारलं नाही. निवृत्त होऊन क्वार्टर सोडताना त्यांनी स्वतः ती भिंत ओल्या फडक्याने पुसली. आकडे एका हातात गेले. मग ते वाकले आणि एकाच जागी बराच वेळ नखाने खरवडत राहिले. सहस्रांश इंचाचा फरक ज्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, त्यांना ज्वारीएवढा डाग दिसला नसेल का? मी भांडी खोक्यात भरत राहिले.

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात तो गेज सापडला, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. तो आता माझ्याकडे आहे. मी इंदापूरला राहते, स्वतःची गाडी चालवते, आणि दर रविवारी सकाळी चारही चाकांची हवा बघते. आकडे वहीत लिहिते. घरातले हसतात, कारण पंपावर फुकट बघून देतात. गाडी एका बाजूला का ओढते यावर जेवढं विचारता येईल तेवढं मी मेकॅनिकांना विचारलं आहे. एका बाजूची हवा कमी असेल तर. पुढची चाकं एका रेषेत नसतील तर. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर. टायर एकीकडे जास्त झिजला असेल तर. आणि यातलं काहीच नसेल, तर रस्ता. दोन पौंडांनी एवढी ओढते का, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "दोननं नाही हो ताई. आठ-दहा उतरली तर ओढेल." मग त्या आठवड्यात दोनच उतरले होते की दहा? हे ज्या गेजला ठाऊक असायचं, तो त्या सकाळी फडताळावर पडून होता.

मागच्या माघात मी वडगावला गेले. तात्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ओट्यावर उन्हात बसून शेंगा फोडत होते, दाणे ताटात, टरफलं पोत्यावर. मी समोर बसले आणि सांगितलं. काही गाळलं नाही. मेंदी, खडू, ठिपका, दाराआडचं "हो, बाबा". सांगताना मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हात थांबले नाहीत.

"किती व्हती मग?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हवा. खरी."

"मी बघितलीच नव्हती, तात्या."

"मग कमी व्हती असं तरी कसं म्हणतीस?"

"दर आठवड्याला उतरायची."

"त्या आठवड्याला?"

त्यांनी दोन शेंगा फोडल्या. "मला बी ठावं न्हाय, माझा डोळा लागला का न्हाय. फौजदारानं इचारलं. समदी तेच म्हणत व्हती. म्हणलं, लागला असंल." मग आवाज न चढवता म्हणाले, "नातवानं गाडी घेतली तवा मला म्हागं बसवलं. पुढं आजोबा असलं की गाडीला बी झोप येती म्हणला. हसली समदी. मी बी हसलो."

क्षमा मागायचे शब्द मी वर्षानुवर्षं तयार केले होते, पण त्यातला एकही त्या ओट्यावर ठेवण्यासारखा नव्हता. काकी दारात येऊन उभी राहिली होती, चौकट धरून. तिने कुठून ऐकलं कोण जाणे.

तात्या ताट बाजूला सारून उठले. "चल. मला तितं घिऊन चल."

"आत्ता?"

"मग कवा? पंच्याऐंशी झाली." मग काकीकडे वळून, "येतीस का?"

"मी न्हाय," काकी म्हणाली. "सव्वा इंच दिलाय तिथं. तेवढा बास." पण तिने टोपी आणून त्यांच्या हातात दिली, आणि माझ्याकडे बघून, "हळू ने," एवढंच म्हणाली. ते तिने ऐकलेल्याला दिलेलं उत्तर होतं की फक्त गाडीबद्दलचं सांगणं, हे मी विचारलं नाही.

तात्या पुढे बसले. पट्टा मी लावून दिला. बारामतीपर्यंत ते दोन्ही बाजूंचा ऊस बघत होते, कुणाचा तोडला, कुणाचा राहिला. भरावावरचा तुकडा आला तेव्हा त्यांनी तो माझ्याआधी ओळखला. रस्ता आता रुंद झाला आहे, डांबर नवं आहे, बाभूळ नाही. मागे-पुढे कुणी नव्हतं. मी वेग कमी केला.

"हात सोड," तात्या म्हणाले.

"तात्या, नको."

"तुझा बाप सोडायचा न्हवं? सोड. मी मोजतो."

मी हात उचलले, दोन बोटांपेक्षा जास्त नाही. तात्या मोजू लागले. येक. दोन. तीन. गाडी सरळ होती. चारला मला वाटलं, दहापर्यंत जाणार. पाचला कडेची पांढरी रेघ जराशी माझ्याकडे आली. सहा. सातला डावी चाकं डांबर सोडून मुरमाच्या पट्टीवर उतरली, खडखड झाली, आणि मी स्टिअरिंग घट्ट पकडून गाडी वर घेतली.

"ओढतीय," तात्या म्हणाले.

"आज सकाळीच बघितलीये हवा," मी म्हणाले. "चारही चाकं. एकाही चाकात काही कमी नाही." आणि बोलून झाल्यावर कळलं की हेच वाक्य एकदा बोलून झालेलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून, आणि तेव्हा ते खोटं होतं.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खिडकीतून खालच्या उताराकडे बघत राहिले. मग सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करत, बाबांच्या शुद्ध बोलीत म्हणाले, "रस्त्याला उतार असतो. पाणी निघून जावं म्हणून."

मी मान हलवली. त्यांना द्यायचं होतं ते त्यांनी दिलं होतं, आणि घेतलं नाही असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण त्या रविवारचा आकडा त्यामुळे मिळत नाही. तो कोरा आहे आणि कोराच राहील. पुढे जाऊन गाडी वळवली. परतताना तात्यांचा डोळा लागला, पुढच्या सीटवर, मान खिडकीला टेकवून, आणि मी आरशात बघितलं तर मागे बसून हसणारं कुणी नव्हतं. वडगाव येईपर्यंत गाडी सरळ चालली होती. माझे हातच स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरत होते.